अक्रोडाएवढी वस्तू

...चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं झाली हो त्याला आत जाऊन! मी गेलो होतो तेव्हा सात मिनिटांत बाहेर आलो, आणि त्यातली तीन तर पट्टा लावण्यात गेली. हा इपोलिते काय करत असेल आत? बोलत असेल! दुसरं काय येतं त्याला? डॉक्टरीण बिचारी हातमोजा चढवून उभी असेल आणि हा तिला आपल्या आजोबांच्या घोड्यापासून सांगत असेल... बसा, बसा, तुम्ही उठू नका, तुमचा नंबर कितवा? सतरा? मग बसाच. आणि पाणी पिऊ नका. या मजल्यावर एकच संडास आहे, त्या टोकाला, आणि त्याची कडी लागत नाही, एका हाताने दार धरून ठेवावं लागतं. आता तुम्हीच सांगा, ज्या मजल्यावर सगळे आपल्यासारखेच येणार, त्या मजल्यावर एक संडास? आणि तोही दार धरायचा? एक हात दाराला, एक हात भिंतीला, मग बाकीचं काम काय देवाने करायचं?

ते भिंतीला टेकून बसलेले आठ जण दिसतायत ना, टोप्या मांडीवर घेऊन, चोरी करताना पकडल्यासारखे? सगळे आमच्या गावचे. एकाच मिनीबसने आलो. गाव ते हे तेलावी शहर पस्तीस किलोमीटर, आणि वाटेत पाच वेळा थांबलो. पाच! शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाबांनो, एकदा ठरवून काय ते करा, मला पेट्रोल कमी लागेल." हे सगळे इथे का आले, तर माझ्यामुळे. आणि माझं हसं कुणी केलं? यांनीच! तेच सांगतो तुम्हाला.

मी जुम्बेर. अलाझानी नदीच्या कालव्यावर अडतीस वर्षं पाटकरी होतो. तीन गावांचं पाणी या हातांनी सांभाळलं, तुम्हाला सांगतो! कुणाच्या द्राक्षमळ्याला कधी पाळी, कुठलं दार किती वीत उचलायचं, कुठली चारी कुठे फुटते, सगळं डोक्यात. माझ्या पाटाला कधी थेंब गळला नाही. आणि आज? आज त्या माणसाला स्वतःचं एक दार उघडता येत नाही आणि उघडलं तर बंद करता येत नाही! रात्री पाच वेळा उठायचं, जाऊन उभं राहायचं, वाट बघायची. घाई तर अशी की घराला आग लागलीय, आणि तिथे पोचल्यावर बघावं तर... ठिबक. ठिबक. मग थांबलं. मग परत अंथरुणात शिरलो की आठवण! आतून बायको ओरडणार, "जुम्बेर, गेलास की आलास?" मलाच कळत नाही, तर हिला काय सांगू?

आणि कारण काय, तर म्हणे अक्रोडाएवढी वस्तू. अक्रोडाएवढी वस्तू हो! तरुणपणी असते अक्रोडाएवढी, मग वाढते. कशाला वाढते? कुणी सांगितलंय? केस वाढत नाहीत, दात वाढत नाहीत, उंची दोन बोटं कमी झाली, आणि वाढायचं कुणाला सुचलं तर हिला!

पण खरं दुःख ते नाही. आमच्या गावात लग्न असो, बारसं असो, कुणाचं वर्षश्राद्ध असो, पंगतीचा तमादा मीच. सव्वीस वर्षं! तमादा म्हणजे पंगतीचा म्होरक्या. त्याने प्याला उचलायचा, कुणाच्या तरी नावाने चार शब्द बोलायचे, सगळ्यांनी प्यायचं. मग दुसरा प्याला, मग तिसरा, असे वीस-बावीस. देशाच्या नावाने, आईबापांच्या, मेलेल्यांच्या, पोरांच्या. आणि यातला एक नियम दगडावर कोरलेला... तमादा उठत नाही! बाकीचे परवानगी मागून जातील, तमादा नाही. आमच्या बापाला एकदा पंगतीत गांधीलमाशी चावली, ओठ सुजून भोपळा झाला, पण हा माणूस बारावा प्याला संपेपर्यंत हलला नाही. त्याचा मी मुलगा. आणि मला तिसऱ्या प्याल्यालाच घाम!

मग मी काय केलं असेल? युक्ती केली. आमच्याकडे तमादाला आपला प्याला दुसऱ्याकडे सोपवता येतो. 'अलावेर्दी' म्हणायचं, एखाद्याकडे हात करायचा, की पुढचं त्याने बोलायचं. मोठा मान असतो तो. तर मी विचार केला, अलावेर्दी अशा माणसाला द्यावी जो बोलायला लागला की थांबत नाही, तेवढ्यात आपण परसात जाऊन येऊ. असा माणूस गावात एकच. इपोलिते! गुरांचा डॉक्टर. गाईचं पोट फुगलं म्हणून बोलावलं तर गाय बरी होऊन चरायला जाते तरी हा गोठ्यात बोलत उभा असतो. गायसुद्धा मान फिरवते हो!

गेल्या शरदात रामाझच्या मुलीचं लग्न होतं. पहिला प्याला मी बोललो. दुसऱ्याला म्हटलं, "अलावेर्दी इपोलितेकडे!" आणि सुटलो. गावच्या सगळ्या पंगती सभागृहातच होतात, त्याच्या परसात अक्रोडाचं झाड आहे, जुनं, दोन माणसांच्या कवेतलं, त्याच्या मागे. योगायोग बघा, अक्रोडाने छळलेला माणूस अक्रोडाच्याच आडोशाला! परत आलो तर इपोलिते अजून वधूच्या पणजीपर्यंतच पोचला होता. उत्तम. तिसरा प्याला, अलावेर्दी इपोलितेकडे. चौथा, इपोलितेकडे. लोक म्हणायला लागले, "वा, काय मोठं मन आहे जुम्बेरचं!" मी छाती फुगवली. पाचव्याला म्हणाले, "इपोलिते बोलतो मात्र झकास." इथे मला सावध व्हायला हवं होतं, पण सावध व्हायला मी तिथे होतो कुठे? मी झाडामागे!

मग आला मेलेल्यांचा प्याला.

हा प्याला उभं राहून घेतात. कुणी हलत नाही. ताटात चमचा वाजला तरी लोक वळून बघतात. आणि हा प्याला माझा होता, कारण त्यात मला माझ्या मोठ्या भावाचं, गेनोचं नाव घ्यायचं होतं. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. त्यालाही हेच होतं, असंच सुरू झालं होतं. दोन वर्षं म्हणत राहिला, "पाठ दुखतेय, उसण भरलीय, द्राक्षाच्या टोपल्या उचलल्या ना." डॉक्टरकडे चल म्हटलं की हसायचा. गेला तेव्हा कळलं, तो वाईट आजार कधीच हाडांत पोचला होता. नाव नाही घेत आम्ही त्याचं. आता इथे बसलोय म्हणून घेतो... कॅन्सर. हं, घेतलं नाव. काही पडलं का छतावरून?

तर मी उभा राहिलो, प्याला उचलला, "माझा भाऊ गेनो..." म्हणालो, आणि खाली पाट फुटायच्या बेताला आला. तुम्हाला हसू येतंय, येऊ द्या. मी, अडतीस वर्षांचा पाटकरी, सख्ख्या भावाच्या प्याल्याला म्हणालो, "अलावेर्दी इपोलितेकडे," आणि पळालो!

झाडामागे उभा. थेंब नाही. एक थेंब नाही हो! आणि तिकडून इपोलितेचा आवाज ऐकू येतोय, माझ्या गेनोबद्दल बोलतोय, त्याने एकदा पुरात वाहून चाललेलं दुसऱ्याचं वासरू कसं काढलं ते सांगतोय, आणि पंगतीतले लोक रडतायत, आणि मी इकडे एका हाताने झाडाला धरून उभा, आणि मीही रडतोय. वरून पाणी वाहतंय, खालून नाही! तेवढ्यात पाठीमागे बायको. लामारा. कंबरेवर हात.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. ती हळू आवाजात म्हणाली, "गेनोपण याच झाडाला धरून उभा राहायचा. मी बघायची आणि गप्प बसायची. मला वाटायचं, पुरुषांचं काहीतरी आहे, आपण कशाला बोला. आता नाही गप्प बसणार. सोमवारी तेलावीला चलायचं."

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"मग सोड झाड," ती म्हणाली.

नाही सोडता आलं.

आता डॉक्टर कोण, ते ऐका. संबंध जिल्ह्यात या कामाचा डॉक्टर एकच, आणि ती बाई. बाई असू दे, माझी हरकत नाही. पण कुठली बाई? तेओना! माझी धर्मकन्या! बाप्तिस्म्याला मी तिला या दोन हातांवर धरलं होतं, आणि कार्टी माझ्या नव्या कोटावर मुतली होती, पाद्री हसला होता. ती ही. मी दारातच थबकलो. म्हटलं, "तेओना, मी फक्त तुझ्या आईचा निरोप द्यायला आलो होतो." ती म्हणाली, "जुम्बेरबाबा, आई आत्ताच फोनवर बोलली माझ्याशी. कुशीवर वळा आणि गुडघे पोटाशी घ्या." मी म्हटलं, "अगं, मी तुला पवित्र पाण्यापाशी हातात धरलंय!" ती म्हणाली, "आणि मी तुमचा कोट भिजवलाय. आज फिट्टंफाट. श्वास सोडा."

पुढचं सांगत नाही. तुम्हाला कळेलच, तुमचा सतरावा आहे.

मग म्हणाली, "वाढलीये. संत्र्याएवढी झालीये." बघा! अक्रोडाचं संत्रं झालं! आमच्या मळ्यात इतकी वर्षं खत घालून घालून संत्र्याचं एक झाड जगलं नाही, आणि इथे बिनखताचं! मग रक्त काढलं. रक्तात कसला तरी आकडा असतो, तो कमी हवा, माझा जास्त. "घाबरू नका," म्हणाली, "वाढली की आकडाही चढतो, पण आपण खात्री करू. सुईने बारीक तुकडे काढून तपासायला पाठवू. दहा दिवस लागतील." घाबरू नका! डॉक्टर लोकांना हे कोण शिकवतं हो? 'घाबरू नका' ऐकून आजवर एक तरी माणूस न घाबरता घरी गेलाय?

ते दहा दिवस... अहो, गेनोचा फोटो आहे आमच्या बैठकीत, मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. लामारा सरळ करायची, मी परत फिरवायचो. तिने फक्त एका बाईला सांगितलं होतं, शपथेवर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या टेबलावर सात खाचापुऱ्या! सात! गरम, भाकरीतून चीज ओघळतंय, आणि आणणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघतोय शेवटचं बघून घेतल्यासारखा. ज्या रामाझशी पाण्याच्या पाळीवरून एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं... मुलीच्या लग्नाला बोलावलं तेही बायकोमार्फत, तमादा दुसरा मिळेना म्हणून... तो येऊन म्हणाला, "जुम्बेर, तेव्हा चूक माझीच होती." मी म्हटलं, मेलो! रामाझने चूक कबूल केली म्हणजे मी मेलोच!

आणि बाजारात? भर बाजारात, कांद्याच्या ढिगापलीकडून ओरडून विचारायचे, "जुम्बेरकाका, आज धार कशी आहे?" आणि मग खीखी. हेच ते, भिंतीपाशी बसलेत ते. खाली बघतायत बघा आता. अक्रोडाएवढी वस्तू, पण गावाला दहा दिवस पुरली!

इपोलितेही आला. येणारच. दोन तास बसला. म्हणाला, "जुम्बेर, मी तुला शास्त्र सांगतो. जनावरांमध्ये हे कुत्र्याला होतं. अगदी असंच. म्हातारा झाला की वाढते, पाय वर करून उभा राहतो बिचारा, काही होत नाही." मला जरा बरं वाटलं, म्हटलं जगात आपल्या जोडीला कुणीतरी आहे. विचारलं, "मग त्याला उपाय काय?" म्हणाला, "एकदम सोपा. पंधरा मिनिटांत बरा होतो." मी पुढे सरकलो. "काय करता?" तर हाताने कात्री करून दाखवली! चक्क कात्री! लामाराला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात पळाली. मी त्याला अंगणाच्या फाटकापर्यंत सोडलं, आणि तो तिथेही वीस मिनिटं उभा राहून बोलला.

अकराव्या दिवशी तेओनाचा फोन. मी उचलेना, शेवटी लामाराने फोन माझ्या कानाला लावला. "साधी वाढ आहे, जुम्बेरबाबा. वाईट काही नाही. गोळ्या देते, त्या घ्यायच्या, आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं." मी टोपी घातली, एक बाटली घेतली आणि कबरस्तानात गेलो. गेनोच्या मातीवर वाइन ओतली, आपल्या रांजणातली, त्याला आवडायची ती. आणि त्याला शिव्या दिल्या. मनापासून दिल्या. म्हटलं, गाढवा, सात मिनिटांचं काम होतं! सात मिनिटं, एक कूस, एक श्वास! तेवढ्याची तुला लाज वाटली, आणि मला सहा वर्षं तुझ्यावाचून काढावी लागली! फार राग आला हो मला त्याचा. अजून येतो.

आणि गावाने काय केलं? पंगत ठेवली! जुम्बेर वाचला म्हणून. मी नवा शर्ट घालून गेलो, तमादाच्या खुर्चीकडे वळलो, तर तिथे इपोलिते बसलेला! म्हणे, "तू आराम कर, जुम्बेर, तू आजारी माणूस." सव्वीस वर्षं! मी मुतायला गेलो आणि माझी खुर्ची गेली! आणि देणारा कोण, मीच! अलावेर्दी, अलावेर्दी म्हणत स्वतःच्या हाताने दिली.

चौथ्या प्याल्याला तो उभा राहिला. सगळ्यांना उभं केलं. म्हणाला, "मंडळी! आपण द्राक्षासाठी पितो, मातीसाठी पितो, शेजाऱ्याच्या बैलासाठीसुद्धा प्यायलोय. पण जी वस्तू साठ वर्षं अंधारात बसून निमूट काम करते, जिचं नाव घ्यायला आपल्याला लाज वाटते, तिच्या नावाने आजवर कुणी प्याला उचललाय?" माझ्या प्रोस्टेटच्या नावाने! बायकांसमोर! पाद्री होता हो पंगतीत, त्यानेही उचलला! आणि ज्याच्या नावाने प्याला असतो त्याला हलता येत नाही, हात छातीवर ठेवून ऐकायचं असतं. बावीस मिनिटं बोलला इपोलिते. बावीस! मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. शेवटी सगळे प्याले रिकामे झाले, मला वाटलं सुटलो, मान खाली घालून झाडाकडे धावलो...

तर झाडामागे रांग!

आठ जण! हेच आठ! टोप्या घालून, एकामागे एक, जमिनीकडे बघत! माझ्याआधी कसे पोचले देव जाणे, रोजची सवय असणार! आणि सगळ्यात पुढे, झाडाला हात लावून, डोळे मिटून, वाट बघत कोण? इपोलिते! मी ओरडलो, "तुम्ही सगळे? सगळे?! आणि बाजारात मला विचारता, धार कशी आहे?" सगळ्यांनी टोप्या खाली ओढल्या. मग इपोलितेच वळून म्हणाला, "जुम्बेर, तू बारा प्याले बाहेर पळायचास, मी बारा प्याले उभा राहून बोलायचो. बोलत राहिलं की कमी कळतं रे." तीन वर्षं म्हणे! तीन वर्षं हा माणूस बोलून बोलून दाबून धरत होता, आणि आम्ही म्हणायचो, काय बोलतो झकास!

तेव्हा मी सांगितलं, सोमवारी मिनीबस येईल, न येणाऱ्याच्या बायकोला मी स्वतः सांगेन. म्हणून हे आले. म्हणून हा... सत्तेचाळीस मिनिटं झाली! अहो, गाढवाचं बाळंतपण होतं एवढ्या वेळात! आता दार ठोकतोच मी, बास झा...

आला, आला. आला बाहेर. काय रे, सांगितलंस का तिला घोड्याचं? सगळं सांगितलंस? ...काय झालं? इपोलिते? तेओना, काय केलंस त्याला? काय म्हणालीस? तो बोललाच नाही? एक शब्दही नाही? एवढा वेळ नुसता बसून होता खुर्चीवर?

बघू ती चिठ्ठी. ...सुई. पुढच्या गुरुवारी. हं. मग दहा दिवस. मलाही हेच दिलं होतं, हाच कागद, हाच शिक्का. बघ माझ्याकडे. अरे बोल की काहीतरी! इतकी वर्षं कान खाल्लेस माझे, आणि आता गप्प बसतोस? गप्प बसायचं नाही! गेनो गप्प बसला होता, कळलं? तुला परवानगी नाही! हात बघा हो याचा, गार पडलाय. सतरा नंबर, जरा सरका, त्याला बसू द्या. बस. असा. हे बघ, इपोलिते, तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. अलावेर्दी माझ्याकडे दे. दे इकडे. दहा दिवस मी बोलतो, रोज येतो तुझ्याकडे, सकाळी येतो आणि लामाराने हाकललं तरी जात नाही, तू फक्त ऐक. आज तमादा मी! उठा रे, भिंतीवाले, उभे राहा सगळे, टोप्या काढा! तर मंडळी... हा जो माणूस माझ्या शेजारी बसलाय, याने माझ्या भावासाठी...

...

थांब. इपोलिते, दोन मिनिटं. दोनच मिनिटं, हलू नकोस. सतरा नंबर, तुम्ही बोला हो त्याच्याशी तोवर, काहीही बोला, घोड्याचं विचारा! आलोच मी, आलोच... दार कुणी धरलंय? कोण आहे आत? अहो, सोडा दार! अक्रोडाएवढी वस्तू हो...